रुपयाला पैसा

रंभाजीनानानं अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, पगारपत्रकावर नेला, आन कागदापासून बोटभर वर थांबवला.

"आप्पासाहेब, हे पाच रुपये कशाचे कापले?"

आप्पासाहेब म्हंजी आमच्या साखर कारखान्याचे कॅशियर. जाळीआडून त्यांनी मान बी वर केली न्हाई. "दुष्काळ निधी. गेटवर नोटीस लावलीय. दर महिन्याला पाच, दुष्काळ हटेपर्यंत."

"सगळ्यांचे पाच?"

"सगळ्यांचे. मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत. दुजाभाव नाही."

"दुजाभाव न्हाई, तर मंग पगार बी सायबाएवढा द्या."

लाईन हसली. आप्पासाहेब न्हाई हसले. नाना बी न्हाई. त्यानं अंगठा धोतराला पुसला आन पगार न घेता माघारी फिरला. अंगठा न्हाई तर पगार न्हाई, हा तिथला नेम.

हे बहात्तर सालच्या डिसेंबरातलं. मी त्याच्या मागं तिसरा हुतो. सातवीत शाळा सोडलेली, दोन हंगाम गव्हाणीवर काढलेले. गव्हाण म्हंजी ऊस जिथनं कारखान्यात जातो ती साखळी. तिच्यावर मोळ्या पडत्यात. नाना कडंला उभा राहून लोखंडी आकडीनं ऊस सारखा करायचा, न्हाईतर पुढं तुंबतो. अकरा हंगाम त्यानं तेच केलं. पगार एकशे वीस. हंगामी गडी, उन्हाळ्यात घरी. त्या साली काही गडी कायम करायचे हुते आन टाईम ऑफिसच्या यादीत पयलं नाव त्याचं हुतं. कायम झाला की बारा म्हैने पगार आन चाळीत एक खोली, नळाची. त्याची बायको गोजरबाई तवा दोन मैलावरनं पानी आनीत हुती. विहिरीत नुसता गाळ. तिनं त्या खोलीत चूल कुठं मांडायची ते बी ठरवलेलं.

निधीला नाना नको म्हनत न्हवता. त्याची सख्खी बहीन साळूबाई राहात्याकडं दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडीत हुती. "द्यायचंच हाय," तो मला म्हनला. "पर काट्यावर गाडी येती, तवा काय करत्यात? एकीत दीड टन ऊस, एकीत अडीच. दोन्हीचं वजन सारखं लिवत्यात का? मंग पगार बघून कापा की. रुपयाला एक पैसा. माझा रुपया आन वीस पैसे जातील. सायबाचे सोळा."

सायबाचा पगार सोळाशे. त्याच्या जीपच्या डायव्हरनं सगळ्या कारखान्याला सांगितल्यालं.

"नाना, आता अंगठा द्या आन मागून अर्ज करा," मी म्हनलो.

"अंगठा दिल्यावर अर्ज कोन वाचतो, गोरख्या?"

मी सही ठोकून पगार घेतला हुता, पाच कापून. खोटं कशाला सांगू?

जानेवारीत तो परत खिडकीवर गेला. तेच इचारलं, तेच उत्तर मिळालं, तसाच माघारी आला. त्या खेपंला मी बी सही केली न्हाई. आमच्या मागं धा-बारा जन फिरले. युनियनचा छगनराव धावत आला. "अरे, सगळ्यांना समान कपात हाय, ह्यात भांडायचं काय? बाहेर लोक काय म्हनतील, दुष्काळाला पैसे देत न्हाईत म्हनून?"

नाना म्हनला, "छगनराव, तुमी चहा पिताना साखर कमी-जास्त सांगता. हितंच सगळ्यांना सारखं कसं काय?"

मला त्या छगनरावाच्या टोपीला हात घालायचा हुता. नानानं माझं मनगट धरलं. "बस खाली. हात-पाय लई झालेत तुला."

टाईम ऑफिसातनं त्याला बोलावनं आलं. आत काय बोलले ते त्यानं एका वळीत सांगितलं. "म्हनत्यात, यादी अजून पक्की न्हाई."

त्या सांजेला मी मिलोचं पीठ घिऊन त्याच्या घरी गेलो. मिलो म्हंजी रेशनवरची परदेशी तांबडी ज्वारी, तिच्याच भाकरी तवा सगळे खायचे. गोजरबाईनं पीठ घेतलं, माझ्याकडं बघितलं न्हाई. नवऱ्याला म्हनली, "सायबाचे सोळा कापल्यावर माझ्या घागरीत पानी येनार हाय का?"

"न्हाई."

"मंग?"

"मंग काय न्हाई."

"खोली जाईल."

"जाईल," तो म्हनला आन भिंतीला टेकून बसला. भांडला असता तर बरं झालं असतं. गोजरबाई बी मंग भांडली न्हाई. पीठ चाळत बसली.

फेब्रुवारीत अख्खी गव्हाण पगाराविना माघारी फिरली. बॉयलरवरचे निम्मे. पगारपत्रकावर कोरे चौकोन दिसायला लागले. आठवड्यानं गेटवर नवी नोटीस आली. मीच मोठ्यानं वाचून दावली. संचालक मंडळाचा ठराव, निधी पगाराच्या प्रमानात, रुपयास एक पैसा, मागल्या म्हैन्यांपासून लागू. लोक वरडले, कुनी नानाच्या पाठीत थापा मारल्या. तो म्हनला, "आता पगार मिळंल का?" खिडकीवर गेला, तीन येळा अंगठा दिला, नोटा बंडीत घातल्या आन पाळीवर आला. आकडी घेतली. एवढंच.

ऊस न्हवताच. मार्च लागायच्या आत हंगाम उरकला. कायमची यादी फळ्यावर लागली. पयलं नाव दुसऱ्याचंच. मी वरून खाली, खालून वर वाचली. नानाचं नाव कुठंच न्हवतं. टाईम ऑफिसात इचारलं, तर म्हनले वय झालंय. तो बेचाळीस वर्सांचा हुता. पुढच्या हंगामाचं बोलावनं बी त्याला येनार न्हाई, हे त्यांनी तवाच सांगितलं.

हंगाम संपला तरी मला मशिनी साफ करायला ठेवून घेतलं हुतं. एप्रिलात तो मला राहात्याच्या रस्त्यावर दिसला, बहिनीच्या शेजारी खडी फोडताना. गोजरबाई पलीकडं पाटी उचलीत हुती. मी सायकल आडवी टाकली.

"नाना, मी सायबाकडं जातो."

"जाऊन काय करशील?"

"इचारीन."

"तुला बी काढतील. म्हातारीला काय खायला घालशील?" त्यानं दगड फिरवून बघितला, हातोडा घातला. फुटला न्हाई. परत घातला. "गोरख्या, सायबाचे सोळा जात्यात का न्हाई आता?"

"जात्यात."

"मंग बास. जा, तुझी पाळी चुकंल."

मी पाळीला गेलो न्हाई. सांजंपोतर तिथंच खडी फोडली, त्याच्या ढिगात टाकली. त्यानं नको म्हनून सांगितलं, मी ऐकलं न्हाई.

सहा वर्सांनी आप्पासाहेब मला कोल्हारच्या स्टँडवर भेटले. नोकरी संपल्याली, हातात पिशवी, एस.टी.ची वाट बघत हुते. रंभाजी कसा हाय, म्हनून त्यांनीच इचारलं. मंग म्हनले, नोटिशीत सगळं लिहिलं नव्हतं. ठरावात कपात फक्त मूळ पगारावर हुती. आमचा सगळाच पगार मूळ. सायबाचा मूळ पगार पाचशे, वरचे अकराशे भत्ता, आन भत्त्याला हात लावायचा न्हाई असं ठरलेलं. सायबाचे आदी पाच कापले जायचे. नंतर बी पाचच कापले गेले.