टकल्या, मिशीवाला आणि मामांचा उजवा हात

चार माणसं एकाच विषयावर वर्षानुवर्षं भांडत बसली की किस्से आपोआप साचतात. दुकानाच्या माळ्यावर रिकामी खोकी साचतात तसेच. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत.

माझं आखाडा बाळापूरला खत-बियाण्यांचं दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक पांगलं की मागच्या शेडमध्ये आमचं कोर्ट भरतं. खटला एकच : जुन्या काळच्या हेवीवेट बॉक्सरांत सगळ्यात जोराचा ठोसा कुणाचा?

आता बाळापूरच्या माणसांना हे काय खूळ, असं तुम्ही म्हणाल. ते लावलं राठोड मामांनी. मामा तांड्यावरचे. फौजेत गेले आणि पलटणीचे हेवीवेट बॉक्सर झाले. रिटायर होऊन आले ते मोबाइलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट लढती भरूनच! त्यांच्या कायम विरोधात कांबळे सर. हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. सर खोटं बोलत नाहीत. कुणाचं मन राखायलासुद्धा नाही! स्वतःच्या लेकीच्या लग्नात पाहुण्यांनी जेवणाची तारीफ केली, तर हे म्हणाले, "वरण पातळ झालं होतं."

तिसरा गजानन टेम्पोवाला आणि चौथा मी. बास, एवढंच कोर्ट.

◆

बॉक्सरांची इंग्रजी नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्हीच बारसं केलं. एक टकल्या, एक मिशीवाला आणि एक पाटील. पाटील काहून, तर समोरचा आडवा झाला की हा त्याच्याकडं ढुंकूनही न बघता कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा.

ठोशाचं मापही आमचंच. मामांच्या तांड्याचे जुने लोक बैलांवर माल लादून मुलूख हिंडलेले. मामांना जगातली कुठलीही ताकद जनावराच्या धडकेतच मोजता येते. सगळ्यात खाली शेळी, मग गोऱ्हा, मग बैल आणि सगळ्यात वर हल्या, म्हणजे रेडा. सरांनी एकदा वजन गुणिले वेग असं काहीतरी फळ्यावर मांडलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर हाय सर. पण हल्या किती आला ते सांगा."

सरांनी हिशेब करून सांगितलं, "पाऊण!"

◆

सगळ्यात जुनी फिल्म टकल्याची. काय त्याचे हात चालायचे! फटाफट, फटाफट, डोळ्याला दिसायचेच नाहीत. एक आख्खा हंगाम आम्ही टकल्याला पहिल्या नंबरावर ठेवला. मामा तर म्हणायचे, "असा माणूस पुन्हा व्हणार न्हाई. आताची पोरं काय, नुसती दूध पिऊन राहिली."

एक दिवस गजानन स्क्रीनला नाक लावून बसला होता. तो हळूच म्हणाला, "मामा, हा मधात उभा पंच बी तसाच पळून राहिला की ओ."

आम्ही बघितलं. पंच पळत होता. मागं बसलेले प्रेक्षक फटाफट टाळ्या वाजवत होते. एक म्हातारा टोपी काढून पुन्हा घालत होता, तोही विजेसारखा! फिल्मच जोरात चालत होती.

स्पीड कमी करून बघितलं तर टकल्या समोरच्याला नुसता ढकलत होता. गर्दीत एसटीत चढल्यासारखा.

मामांनी मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाले, "शेळी." आणि चहा अर्धा टाकून उठले.

◆

मग ठरलं, दुसऱ्यांचे ठोसे किती दिवस मोजायचे, आपलेही मोजू. शेडमध्ये आढ्याला पोतं टांगायचं. भुसा भरला तर फार हलकं, वाळू भरली तर मनगट मोडेल. माझ्याकडं हळकुंडाचा चुरा पडून होता. हिंगोलीकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार? भरली हळद!

मामांनी उजवा हात मागं घेतला आणि एकच ठोसा दिला. पोतं उसवलं ते वरपासून खालपर्यंत! पोतं धरून गजानन उभा होता. डोळे आणि दात सोडले तर गडी सगळा पिवळा.

तेव्हा त्याचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गजानन, हळद तर लागली. आता नवरी तेवढी बघायची राहिली."

आणि नवरीकडचे पाहुणेही आले बरं का! कळमनुरीकडचे एक गृहस्थ मुलाची चौकशी करायला थेट दुकानात शिरले. नेमकं त्याच वेळी मामा शेडमधून ओरडत होते, "पाटलानं त्याला असा मारला, असा मारला, उठलाच न्हाई बिचारा!" पाहुणे दारातच थबकले. मी घाईघाईनं त्यांना आत नेलं, मोबाइल दाखवला. म्हटलं आता हे हसतील नाहीतर उठून जातील.

पाहुणे मांडी घालून बसले. दोन लढती बघितल्या. मग म्हणाले, "पाटील कसला? मिशीवाला भारी हाय!"

वैशाखात गजाननचं लग्न लागलं. सासरा आजही मिशीवाल्याच्याच बाजूचा आहे.

◆

गेल्या पावसाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा जीव वाचला होता, पण उजवा हात गेला होता. त्या हातानं पोतं फाडलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. आता त्याच हातातून चहाची कपबशी सुटायची. मामी पदरानं फरशी पुसायची आणि मामा भिंतीकडं बघत बसायचे. मला तिथं बसवायचं नाही, खरं सांगतो.

डॉक्टर म्हणाले होते, हात चालवत राहा, येईल. दाबायला रबरी चेंडू दिला. मामांनी तो नातवाला खेळायला देऊन टाकला. म्हणाले, "चेंडू काय दाबायला लावता? मला मारू द्या."

मामीनं जुन्या गोधडीची जाड घडी शिवून दिली. सरांनी ती खांद्याला लावली आणि समोर उभे राहिले. मामांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून दिला. तो कसाबसा गोधडीला टेकला.

"वा मामा!" आम्ही ओरडलो. "गोऱ्हा!"

सर म्हणाले, "माशी बसली."

मला असा राग आला म्हणता! आजारी माणसापुढं तरी गप बसावं की नाही? मी सरांना बाहेर नेऊन झापणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "उद्यापासून सरच उभं राहतील. तुमी दोघं लबाड हाव."

◆

रोज संध्याकाळी मामांच्या अंगणात हा कार्यक्रम सुरू झाला. सरांनी मापाला खालून नव्या पायऱ्या जोडल्या. माशी, चिमणी, कोंबडी. दिवाळीत एकदा म्हणाले, "शेळी. पण आजारी." मामांनी त्या दिवशी पेढे वाटले!

मध्ये सर लेकीकडं परभणीला गेले. गोधडी गजाननच्या खांद्यावर आली. मामांचा हात लागायचा अवकाश, हा पठ्ठ्या "मेलो मेलो" करत अंगणभर लोळला.

मामांनी त्याला जवळ बोलावलं. म्हणाले, "गजू, माझ्या हाताची तरी इज्जत ठिव रे."

गजानन कोपऱ्यात जाऊन रडला. मामांना काय पाहिजे होतं ते मला त्या दिवशी कळलं. कौतुक कुणीही करत होतं. त्यांना खरं मारता येतंय का, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

◆

आणि हा गेल्या थंडीतला किस्सा.

सर परभणीहून आले आणि पुन्हा गोधडी घेऊन उभे राहिले. मामांनी डाव्या हाताचा आधार न घेता उजवा हात मागं नेला. ठोसा दिला. आम्ही सरांच्या तोंडाकडं बघत राहिलो, आज कोणतं जनावर निघतं म्हणून.

सर काहीच बोलले नाहीत. गोधडीची घडी केली, खाटेवर ठेवली, "येतो" म्हणाले आणि निघून गेले.

मामांचा चेहरा पडला. "सर बी कटाळले," एवढंच म्हणाले. त्या रात्री त्यांनी भाकरीला हात लावला नाही. मामीनं सकाळीच मला बोलावून घेतलं, "जरा समजवा ओ ह्यांना. म्हणून राहिलेत, आता बास."

मी समजावत होतो. मामा ऐकत नव्हते. तेवढ्यात फाटक धाडकन वाजलं आणि सरांच्या घरच्या कांबळे काकू आत आल्या. एरवी मोठ्यानं कधी बोलत नाहीत बाई, पण त्या दिवशी पदर खोचूनच आलेल्या!

"राठोड भाऊ, हे काय वागणं झालं का तुमचं? माणसानं म्हातारपणी असं मारावं काय? रात्रभर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर! विचारलं तर सांगत न्हाईत. सकाळी सदरा काढला तवा दिसलं मला. खांदा सगळा निळा पडलाय त्यांचा!"

मी घाबरून मामांकडं बघितलं. मामा खाटेवरून उठले. दोन्ही हात जोडले.

"बसा वहिनी, बसा," ते म्हणाले. मग आत वळून ओरडले, "अगं, वहिनीला चहा ठिव! साखर जास्त घाल!"

आणि काकूंच्या पुढ्यात खाली बसून म्हणाले, "वहिनी, आता जरा सावकाश सांगा. केवढा निळा पडलाय?"