विटलेला दुसरा सेट

“दुसरा सेट काढा,” मी म्हणालो. ढाकणे सरांनी पिशवी उघडली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

माजलगावला मुलींची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी होती. मी पंच. यजमान कॉलेजचा रंग मरून आणि केज तालुक्यातून आलेल्या ढाकणे सरांच्या संघाचाही मरून. पकडापकडीत सगळ्याच मरून दिसल्या तर कोण कुणाची हे पंचाला कळत नाही. म्हणून प्रत्येक संघाने दुसऱ्या रंगाच्या टी-शर्टांचाही सेट आणायचा असतो. तो क्वचितच अंगात जातो, त्यामुळे वर्षानुवर्षं कोरा राहतो.

यांचा उलटाच प्रकार. मरून कोरा आणि पिवळा पाठीवर पार विटलेला. म्हणजे या मुली पिवळ्या रंगाच्या कुठल्यातरी क्लबच्या असणार आणि आज कॉलेजच्या नावावर उतरवल्यात. असले भाडोत्री खेळाडू मी पुष्कळ पकडलेत.

“हे एवढं कसं विटलं?”

“कुठं सर? नवंच हाय की. धुण्यात गेला आसंल रंग.” ढाकणे सर माझ्याकडे बघत नव्हते.

झालं, माझी खात्री पटली. भाडोत्री आणायचीच तर चढाईसाठी आणतात, आणि त्यांची चढाई सात नंबरच्या कोमलवर होती. तिच्या ओळखपत्रावरचा फोटो पुसट. मी म्हणालो, “कॉलेजमधून खात्री होईपर्यंत ही बाकावर.”

“आसं करू नका सर,” ढाकणे सर गयावया करू लागले. “विद्यापीठाचा संघ निवडणारे साहेब हिलाच बघाया थांबलेत. मध्यंतराला बीडला निघणारेत. पोरीचं शेवटचं वर्ष हाय.”

“नियम म्हणजे नियम.”

मध्यंतरात कॉलेजच्या क्लार्कचा फोन आला. कोमल त्यांचीच, बीएच्या शेवटच्या वर्षाला. साहेबांची गाडी तेवढ्यात फाटकाबाहेर पडली होती.

तरी मी तिला टी-शर्टाचं विचारलंच. माझी खोड.

“खोटं कावून बोलू सर? मरून सेट औंदाच नवा आलाय. ह्यो नुसता पेटीत पडून राहतो. मंग आमच्या आया रानात घालत्यात, लुगड्यावरून. खुरपताना ऊन लागत न्हाई. आमच्या सरांना तुमाला सांगाया लाज वाटली.”

ती वळली. पाठीवरचा सात जवळजवळ उडाला होता. पुढून मात्र टी-शर्ट लख्ख पिवळा होता. वाकून खुरपणाऱ्या बाईची पाठच उन्हात असते. कबड्डीत आधी बगलेची शिवण उसवते, आणि ती इथे धड होती. हे सगळं मला सुरुवातीलाच दिसलं होतं. माझीच मला लाज वाटली.

उत्तरार्धात कोमलने एकटीने नऊ गुण आणले. संघ तीन गुणांनी जिंकला. विद्यापीठाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. चूक माझी आहे, असं मी निवड समितीला लिहून कळवलं. उत्तर आलं, खेळ पाहिल्याशिवाय निवड करता येत नाही. नियम म्हणजे नियम.

आता विटलेला टी-शर्ट दिसला की मी आधी तो घालणारीला विचारतो. तिच्या सरांना नंतर.