संत्र्याचा मध आणि नत्थुजींचं बोट

मध ओळखावा तो नत्थुजींनी. माझे वडील मोर्शीजवळच्या एका गावात मास्तर होते आणि माझं लहानपण त्याच गावात गेलं. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, फुटला की संत्र्याच्या बागांतून असा वास सुटायचा, की वर्गात कोणाचं लक्ष म्हणून लागायचं नाही. मास्तरांचंही नाही. शाळा सुटली की मी थेट नत्थुजींच्या बागेत. त्यांच्याकडे मधमाश्यांच्या पेट्या होत्या. मध निघाला की ते वाडग्यात उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे.

"हा निव्वळ संत्रा. अन् ह्याच्यात पाह्य, शेजाऱ्याच्या सांभाराचं फूल आलं."

सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तिचं फूल मधात ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चांदूर बाजारहून लोक मध घेऊन त्यांच्याकडे यायचे. मलाही ते बोट बुडवू द्यायचे आणि विचारायचे, "सांग मास्तराची पोर, कायचा?" मी दरवेळी चुकायचे, आणि खरं सांगते, मुद्दाम चुकायचे. चुकलं की पुन्हा चाखायला मिळायचं. आता अमरावतीत दुकानात रांगेनं बाटल्या मांडलेल्या असतात, पण एकीलाही ती चव नाही. कोणी काही म्हणो.

सत्तरी उलटल्यावर नत्थुजींना साखरेनं गाठलं, आणि पाठोपाठ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अमरावतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आधी साखर खाली आणा, मग डोळ्याला हात लावू. तोवर नत्थुजींना झाडावरचं फूल दिसेनासं झालं होतं. पेटीजवळ जाताना जमुनाबाई, म्हणजे त्यांची बायको, हात धरून न्यायची. भाताचं ताट, चहाची साखर सगळं सुटलं. मध मात्र सुटेना. अशात कोणीतरी कानात सोडून दिलं, की जांभळाचा मध साखरवाल्यांना चालतो, जांभूळ म्हणजे औषधच. नत्थुजी ऐकावे जनाचे, करावे मनाचे अशा जातीचे. त्यांनी स्वतःच परीक्षा घेतली. घरात साखर मोजायचं यंत्र होतंच. एका सकाळी संत्र्याचा मध चाखून तासाभरानं मोजली, दुसऱ्या सकाळी मेळघाटातला जांभळाचा. संत्र्यानं यंत्राचा आकडा आभाळाला नेला. जांभूळ त्याच्या निम्म्यावरच थांबलं.

झालं! जन्मभर जोपासलेला संत्र्याचा मध त्यांनी वर्ज्य केला, आणि जांभळाचा मात्र रोज भाकरीसोबत, चमच्या-चमच्यानं, निर्धास्त. डॉक्टरांकडे तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी झाली, तर साखर खाली येण्याऐवजी वर. ऑपरेशन पुढे गेलं. पुन्हा तपासणी, पुन्हा वर. जमुनाबाईचा फोन आला तेव्हा ती रडत होती.

"हे आंधये होऊन राहिले वं पोरी, अन् साखर कुठून येते थे कोनाले समजत नाई."

मी गेले ती बहाराच्याच दिवसांत. वास तोच होता. नत्थुजी मात्र बागेकडे पाठ करून बसलेले.

"संत्र्यानं दगा देला," ते म्हणाले. "जन्मभर ज्याले पोसलं, त्यानंच."

माझा विश्वास बसेना. म्हटलं, माझ्यादेखत पुन्हा मोजा. सून रागिणीनं वाडगं आणलं. त्यांनी सवयीनं बोट बुडवलं, चाखलं, धोतराला पुसलं. तासाभरानं रागिणी सुई घेऊन आली, तर त्यांनी तेच बोट पुढं केलं. "हेच घे. कामाचं बोट हाये." आणि त्या बोटावर दोन माश्या घिरट्या घालत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "नत्थुजी, हात धुतले का?"

"काहून? बोट काय मयलं हाये?"

"मध लागलाय बोटाला! यंत्र तुमचं रक्त नाही, मध मोजतंय!"

जांभळाच्या बाटलीचं तोंड अरुंद, म्हणून तो मध नत्थुजी चमच्यात ओतून खायचे, बोट कोरडं राहायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मग साबणानं हात धुऊन संत्र्याचं मोजलं. दुसऱ्या दिवशी तसंच जांभळाचं. दोन्ही आकडे सख्ख्या भावांसारखे निघाले, आणि दोन्ही नको तेवढे वर.

"म्हंजे माहा संत्रा खोटा नोहता," नत्थुजी हसले. किती दिवसांनी हसले असतील कोण जाणे. पुढचं सांगणं माझ्या जिवावर आलं. फुलाफुलाच्या मधात फरक असतो, कुठला साखर चटकन चढवतो, कुठला जरा दमानं. पण तुमच्या अंगाला मध म्हणजे साखरच, मग फूल कुठलंही असो. हे ऐकून ते उठले, चाचपडत स्वयंपाकघरात गेले आणि जांभळाची बाटली स्वतः रागिणीच्या हातात दिली.

त्यानंतर त्यांनी मधाला जीभ लावली नाही. लोक येत राहिले. नत्थुजी नुसता वास घेऊन सांगायचा प्रयत्न करायचे आणि चुकायचे. पुढं लोक येईनासे झाले. एवढी नावाजलेली जीभ अशी रिकामी बसलेली मला बघवत नसे, पण साखर उतरत गेली.

उन्हाळा संपता संपता डॉक्टरांनी होकार दिला. ऑपरेशन झालं त्या दिवशी दोघं माझ्याकडेच अमरावतीत उतरली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डोळ्यावरची पट्टी काढली. समोर जमुनाबाई उभी. नत्थुजी तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता काही गोड बोलतील.

"जमुना, तुह्ये केस कवा पांढरे झाले वं?"

जमुनाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"तुमी मध चाखून राहिले होते तवा," ती म्हणाली.