तोंडाला मुसकं

तापाच्या साथीचे किस्से कुणी विचारले की मला बसून सांगता येत नाहीत. उठतो, फेऱ्या मारतो, एक सांगताना दुसराच आठवतो. तेव्हा मी जव्हारच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. आम्ही तिघंच. डॉक्टरसाहेब, नर्स येसूबाई आणि मी. पडवीत रोज नवे आजारी येऊन पडायचे. रडायला सवड नसायची, म्हणून किस्सेच साठत गेले.

*

मुंबईहून जाळीच्या कापडाचे मास्क आले, नाकातोंडावर बांधायला. सगळे एकाच मापाचे. डॉक्टरसाहेबांना जेमतेम पुरायचे. येसूबाईंचा चेहरा एवढासा, त्यांचा मास्क डोळ्यांवर यायचा. त्यांनी सुईदोरा काढला, दोन चुण्या घातल्या आणि म्हणाल्या, "माप घेणाऱ्यानं बाईमाणूस बघितलेलं दिसत नाही."

*

मास्क बांधून आम्ही खोडाळ्याला गेलो. खळ्यावर भाताची मळणी चालली होती. एक म्हातारा आमच्याकडे बघत राहिला.

"बैलानं धान खाऊ नये म्हून आमी त्याला मुसकं बांधतो. तुमाला कोनी बांधलं?"

"तापानं," डॉक्टरसाहेब म्हणाले.

मी हसलो. म्हातारा हसला नाही. "मंग मनाबी एक द्या. घरात दोघं पडलीत."

*

कातडीचे हाल वेगळेच. मास्क औषधाच्या पाण्यात उकळून कडक व्हायचे, वर दिवसभराचा घाम. माझे गाल सोलले, नाकावर जखम झाली. आग सहन होईना म्हणून मी खोबरेल चोपडलं. तर मास्क घसरून हनुवटीवर! समोर आजारी माणूस खोकत होता.

"कातडी परत येते," डॉक्टरसाहेब म्हणाले. "आधी तो वर ओढ."

*

डॉक्टरसाहेबांच्या स्वतःच्या मिशा भरघोस. त्यामुळे मास्क कडेनं उघडा राहायचा. एका सकाळी ते मिशा काढूनच आले. आता आमच्याकडे मिशा काढतात त्या बाप गेल्यावर. दुपारपर्यंत अर्धा बाजार भेटायला आला. कुणी खांद्यावर हात ठेवी, कुणी नुसतंच शेजारी बसे. "वडील सुखरूप आहेत," हे सांगून सांगून साहेब थकले.

संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "नाशिकला वडिलांना तार करून ये. इतके लोक म्हणतायत, तर मलाच धास्ती वाटायला लागलीय."

*

साथ ओसरत आली आणि येसूबाईंना ताप भरला. थोड्याच दिवसांत त्या गेल्या. त्यांच्या जागी नवीन नर्स आली.

पुढं एकदा आमच्याकडच्या वांगणीची एक बाई चालत आली. कडेवर पोर, हातात नाचणीच्या पिठाची पुरचुंडी.

"त्या बायला भेटायचाय. हिला तिनं जगवली."

नाव तिला ठाऊक नव्हतं. चेहराही पाहिलेला नव्हता. पाहिले होते ते मास्कच्या वरचे डोळे. ती नव्या नर्सपुढं उभी राहिली. "तोंड झाक बघू."

नर्सनं पदर तोंडावर धरला. बाईनं निरखून पाहिलं. "ही नाय."

मग खात्री करायला तिनं मला तोंड झाकायला लावलं, डॉक्टरसाहेबांनाही. आम्ही दोघं तोंडावर हात धरून उभे. तिनं आमच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली.

डॉक्टरसाहेबांनी हात खाली घेतला नाही. तसेच म्हणाले, "बाहेरगावी गेलीय ती."

बाईनं पुरचुंडी ओट्यावर ठेवली. पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली.

"येल ना? बसते मी."