शालू माझ्या अंगावर होता

"दुसरा पीस काढा. हा हिच्या अंगाला लागलाय."

नवऱ्या मुलीची मावशी हे माझ्याशी नाही, गल्ल्यावरच्या शेठशी बोलली. मी तिच्या पुढ्यातच गादीवर उभी होते. लाल शालू नेसून. निऱ्या घातलेल्या, पदर खांद्याला पिनने लावलेला. मला सगळं ऐकू येत होतं. समोर उभ्या माणसाबद्दल असं बोलता येतं, हे त्या बाईला लहानपणीच कुणीतरी शिकवलं असणार.

घाटकोपरच्या त्या साड्यांच्या दुकानात माझं कामच ते. साडी अंगावर लावून दाखवायची. युनिफॉर्मच्या कुर्त्यावरूनच नेसायची, वळायचं, हसायचं, सोडायची, पुढची नेसायची. लग्नसराईत पाय सुजून भोपळे व्हायचे. तरी काम आवडायचं, खोटं कशाला बोलू? माझ्या निऱ्या झकास पडायच्या. बायका दारातूनच विचारत यायच्या, ती उंच मुलगी कुठंय. शेठ तेव्हा मला दुकानाची लक्ष्मी म्हणायचा.

त्या दिवशी माझं चुकलं काय, तर मी गप्पा मारल्या. नवरी मुलगी गोड होती. शालू तिला फार आवडला होता. तिने विचारलं, ताई, तुम्ही लग्नात कोणता रंग नेसला होतात? मी सहज बोलून गेले, पांढरा. आमच्यात पांढरीच नेसतात.

मुलगी म्हणाली, छान. मावशीचा चेहरा मात्र पडला. आधी तिला वाटलं, ऐन लग्नाच्या खरेदीत मी अशुभ बोलले. मग डोक्यात प्रकाश पडला. पांढऱ्या साडीत बौद्ध लग्न लावतात, हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. खात्रीसाठी तिने आडनाव विचारलं. मी सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा तिने ते दुसऱ्या पीसचं काढलं.

दुसरा पीस नव्हता. शेठ लगबगीने गादीवर आला. बाईला म्हणाला, ड्रायक्लीन करून देतो. वाटल्यास वर गोमूत्र शिंपडून देतो. ती मुलगी मान खाली घालून बसली. माझ्याकडे न बघता शेठ म्हणाला, उतार, जल्दी. मी म्हटलं, काढते, पिन आहे.

त्याला दम नव्हता. त्याने पदर धरून ओढला. पिन कुर्ता, कातडं फाडत गेली. मी गरगरत गादीवर आपटले. निऱ्या सुटल्या. खांद्यातून रक्त आलं आणि त्याने आधी काय पाहिलं? शालूला डाग लागला का ते. लागला होता. मग त्याने माझ्या कानाखाली वाजवली.

"जात सांगायला पगार देतो काय तुला?"

बाजूला ब्लाउज पीस मोजायची लोखंडी पट्टी पडली होती. मी ती उचलली आणि त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला तरी मी थांबले नाही, परत हाणली. मावशी मुलीला ओढत बाहेर पळाली. मला त्या क्षणी कसलंच वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पोलीस ठाण्यात शेठ प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आला. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, त्याचा हात मोडलाय, तू आत जाशील. दोघांनी मिटवा. शेठही तयार होता. केस नको, मी परत कामावर यावं, पण गिऱ्हाइकापुढे नाही. आत गोडाऊनमध्ये घड्या घालायच्या.

शेजारच्या काउंटरवरची सुनंदाताई माझ्याबरोबर आली होती. राहायला भांडुपला, मूळची कोकणातली, मला थोरल्या बहिणीसारखी. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. माझा दंड घट्ट धरून ती कानात म्हणाली, "गप रव गो. पोटाक काय खातलंस?"

तिचं खोटं नव्हतं. विक्रोळीतली कंपनी बंद पडल्यापासून नवरा घरी होता, चूल माझ्या पगारावर पेटत होती. तुरुंगाची भीतीही होतीच. पण मी घड्या घालत बसलेय आणि बाहेर शेठ गिऱ्हाइकांना हसून सांगतोय, आता तिच्या अंगाला साडी लागत नाही, हे डोळ्यांपुढे आलं आणि अंगाची आग झाली. मी ताईचा हात सोडवला.

"साहेब, मी मारलं. लिहा. पण आधी त्याने काय केलं ते लिहा. जातीवरून काय बोलला, शब्दाला शब्द लिहा. मी दोन्हींवर सही करते."

साहेबांनी खूप वेळ टाळलं. मी हलले नाही. शेवटी लिहिलं.

दोन्ही केसेस चालू आहेत. ताई साक्षीला येणार नाही म्हणाली. न येवो. शेठचा वकील दर तारखेला बाहेर गाठून म्हणतो, तू मागे घे, आम्ही मागे घेतो. मला शिक्षा झाली तर भोगेन. माझी तक्रार मी मागे घेणार नाही.