तेरा हॉर्सपॉवरचा शोध

मीटरच्या पडद्यावर तिसऱ्यांदा पंच्याऐंशी हा आकडा उमटला आणि शिंदेसाहेबांनी इंजिन बंद केले.

"सर, गाडीच्या पुस्तकाप्रमाणे चाकांवर किती यायला हवे होते?" त्यांनी मला विचारले.

"अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे तेरा हॉर्सपॉवर तुमच्या विद्यार्थ्याने खाल्ले."

तो विद्यार्थी, भीमराव मिस्त्री, रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकत होता. मी तेव्हा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचा निदेशक होतो. भीमराव माझ्याकडे शिकला आणि पुढे आष्ट्याला त्याने गॅरेज काढले. शिंदेसाहेबांची साताऱ्याला फाउंड्री होती आणि फाउंड्रीच्या सर्व जीप, ट्रक भीमरावकडे येत. विश्वासाने त्यांनी आपली परदेशी स्पोर्ट्स कारही त्याच्याकडे दिली. दोन आसनांची, हाताने गिअर बदलायची गाडी. भीमरावने तिचे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधले. साहेबांना मात्र गाडी पूर्वीसारखी ओढत नाही असे वाटे. शक्ती कमी भरली तर इंजिन पुण्यात पुन्हा उघडायचे आणि जीप, ट्रकही तिकडेच न्यायचे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. भीमरावचे निम्मे गॅरेज त्या गाड्यांवर चालत असे.

निकाल लावण्यासाठी साहेबांनी परदेशातून परफॉर्मन्स मीटर मागवला होता. तो बसवून सेट करण्याचे काम माझ्याकडे आले.

हा मीटर म्हणजे काचेला चिकटवायची, तळहाताएवढी डबी. गाडी जोरात निघाली की आपण सीटवर मागे दाबले जातो. तो जोर किती, हे डबी सतत मोजते. त्यावरून ती वेग काढते, शंभरचा वेग गाठायला लागलेला वेळ सांगते आणि गाडीचे वजन भरून दिले की त्याने गुणून चाकांपर्यंत पोहोचलेली शक्तीही सांगते. ती समपातळीत बसली नाही, तर गाडी उभी असतानाही तिला जोर भासतो. शिवाय गिअर बदलताना क्लच दाबला की जोर क्षणभर नाहीसा होतो. म्हणून शक्तीचा आकडा एकाच, म्हणजे दुसऱ्या, गिअरमध्ये घ्यायचे आम्ही ठरवले.

जागा म्हणून एका साखर कारखान्याच्या आवारातील सरळ रस्ता परवानगीने मिळाला. गाळप संपले होते. रस्ता मोकळा होता. गाडीचे वजन तिथल्याच उसाच्या काट्यावर केले. काटा क्लार्कने पावतीपुस्तक उघडून विचारले, "ट्रक, टॅक्टर, बैलगाडी, एवढंच छापलंय. हिला कुठं घालू?"

"तुमच्या मते?"

"दोनच मानसं बसत्यात. बैलगाडीच म्हनायची."

साहेबही हसले होते. पावतीवरचे नऊशे साठ किलो मी मीटरमध्ये भरले. काट्याच्या सपाट फलाटावरच पाणसळ लावून डबी समपातळीत आणली. मग साहेबांनी तीनदा शंभरच्या वेगापर्यंत गाडी पळवली आणि मी शेजारी बसून शक्ती आणि वेळ, दोन्ही आकडे टिपले. शक्ती तिन्ही वेळा पंच्याऐंशी.

"उद्याच पुण्याला पाठवतो," साहेब गाडीतून उतरत म्हणाले.

भीमराव पुढे आला. "सर, इंजनात खोट निघाली तर मी स्वता पुण्याला घिऊन जातो. पर तुमीच शिकवलंय न्हवं, आदी माप तपासायचं, मग काम?"

हे वाक्य मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो होतो. ते मला ऐकवणारा तो पहिलाच. मी वही घेऊन बॉनेटवर बसलो.

वेळेचा रकाना पाहिला. शंभरचा वेग गाठायला लागलेला वेळ पुस्तकाशी जुळत होता, आणि पुस्तकातील वेळही दोन माणसे बसवून घेतलेला होता. इंजिन खरोखर अशक्त असते तर वेळही वाढला असता. म्हणजे चूक अशा राशीत होती, जी शक्तीच्या गणितात येते पण वेळेच्या गणितात येत नाही. अशी राशी एकच: वजन.

"काट्यावर गाडी घेतली तेव्हा आपण कुठे होतो?" मी साहेबांना विचारले.

"खाली. त्या क्लार्कने दोघांनाही उतरवले."

उसाच्या काट्यावर तो नियमच. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उतरल्याशिवाय वजन घेत नाहीत. ती रिकामी गाडी मी मीटरला सांगितली आणि धावताना मात्र आम्ही दोघे तिच्यात बसलो.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "इंजिनाची नाही."

आम्ही पुन्हा काट्यावर गेलो. क्लार्क कुरकुरला. "पंधरा वर्सं मानसं उतरवतोय, सायेब. बसवून तोलायची ही पयलीच येळ." वजन भरले अकराशे दहा. तो आकडा भरून गाडी दोन्ही दिशांनी पळवली. जाताना अठ्ठ्याण्णव, येताना सत्त्याण्णव.

साहेबांनी दोन्ही आकडे स्वतः वाचले. मग काच खाली करून म्हणाले, "भीमराव, सोमवारी दोन जीप येतील."

"येऊ द्यात की. आन् सायेब, लय दिस सांगीन म्हनत हुतो. गाडी वडत न्हाई म्हनता, ते रोज तुमी क्लचवर पाय ठिवून चालवताय अन् क्लच घसरतो म्हनून; आज जोरात पळवताना पाय बाजूला हुता, तर आकडा पुरा आला. तेवढा पाय काडा."

साहेबांनी पायाकडे पाहिले. पाय क्लचवरच होता.

त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला मी वहीत एक रकाना वाढवून दिला: माप घेताना मापणारा कुठे होता. मुलांना तो रकाना निरर्थक वाटे. भरावा मात्र लागे.