अर्ध्या मापाचे वसंतराव

चहा आला की कपाकडे न बघताच वसंतराव म्हणायचे, "अर्धाच." मग बशीत ओतून तेवढा संपवायचे आणि म्हणायचे, "आता तो उरलेला अर्धा आणा." म्हणजे चहा पोटात पुरा, आणि वर कमी पितो हा लौकिक.

वसंतराव माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. तिथे विजेच्या मोटारी यायच्या, जायच्या, आणि हे सही करायचे. एवढ्यावर माणूस विजेचा जाणकार कसा होतो, ते मला अजून कळलेलं नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असे. तो कशाला लावलेला मी पाहिला असेन तर पाठ खाजवायला. पण ते पडले घरचे जावई. जावयाला विजेतलं कळतं असं सासुरवाडीत एकदा ठरलं की ठरलं.

मी कोथरूडला घरातच मसाले करत होते. व्याप वाढला तेव्हा धायरीत एक शेड भाड्याने घेतली. भाजायचं यंत्र, चाळायचं, मिसळायचं, आणि सगळ्यांत दांडगा तो मिरची दळायचा पल्व्हरायझर. प्रत्येकाला आपापली मोटार. आता वीज किती मागायची, केबल किती जाड घालायची? मी म्हटलं, लायसनवाला वायरमन कोणी बोलवू या. तर आमचे हे म्हणाले, "घरात वसंतराव असताना? ताईला काय वाटेल?"

झालं. वसंतराव आले, मोटारींवरच्या पट्ट्या वाचल्या, बेरीज केली आणि ती सरळ निम्मी केली. "वहिनी, सगळ्या मोटारी एकदम थोड्याच पळणार? निम्म्यात भागतं."

गिरणीवाल्याकडून ऐकलेलं मी विचारलं, "पण मोटार सुरू होताना जास्त ओढते म्हणतात ना?"

"क्षणाचा प्रश्न आहे हो. क्षणाचं काय मनावर घ्यायचं?"

तो क्षण आम्ही पुढे वर्षानुवर्षं भोगला. पल्व्हरायझर सुरू होताना नेहमीच्या पाचसहापट वीज मागायचा. केबल बारीक, विजेचा खांब लांब, देणार कुठून? दिवे मिणमिणायचे, भाजायचं यंत्र आपोआप थांबायचं आणि खालच्या आचेवर धणे करपून जायचे. म्हणून आमच्या बायकांनी रीतच पाडली. पल्व्हरायझरवरची सुमन ओरडायची, "लावते गं." बाकीच्या आपापली बटणं बंद करून हात वर करायच्या, पोलिसाने धरल्यासारखे. मग ती लावायची. त्याने वेग घेतला की बाकीच्या एकेक करून सुरू. नव्या बाईला मसाल्याआधी हे शिकवावं लागे.

त्यातून एखादी विसरली, तर पल्व्हरायझर पोटात मिरची घेऊन मध्येच बसायचा. भरल्या पोटी तो काही परत उठत नसे. झाकण काढून सगळी पूड हाताने उपसायची. ते काम सुमनचं. दोनदा मोटारही जळली. वसंतरावांना सांगितलं तर म्हणाले, "लाडावलीय. मोटार सुनेसारखी असते वहिनी, मागेल तेवढं देत गेलं की डोक्यावर बसते." त्यांना सून नव्हती. ही त्या न झालेल्या मुलीची पूर्वपुण्याई.

एक दिवस सुमन लाल डोळ्याला ओला रुमाल लावून आली. "ताई, डॉक्टर म्हणतात, परत मिरची गेली तर डोळ्याची खात्री नाही. मला सोडा आता."

त्या दिवशी मी ह्यांना न विचारता गायकवाड नावाच्या इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्यांनी केबल बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "हे माप कोणी काढलं?"

"आमच्या जावयांनी."

"बरं. मग मी काही बोलत नाही."

नंतर बोलल्या. नुसती बेरीज करून भागत नाही म्हणाल्या. बाकीची यंत्रं चालू आहेत असं धरायचं, त्यात सगळ्यांत मोठी मोटार सुरू करायची, आणि त्या घटकेला शेवटच्या टोकाला विजेचा किती दाब उरतो ते बघायचं. त्यांनी जास्तीचा भार मंजूर करून घेतला, जाड केबल ओढली, पल्व्हरायझरला हळूहळू वेग घेणारा स्टार्टर बसवला. सुमन राहिली.

वसंतराव मात्र रुसले. "जिथे आपल्या शब्दाला किंमत नाही तिथे आपण जात नाही," असा निरोप आला. स्वतः नाही आले, मला आनंदच होता. पण वन्संनाही पाठवलं नाही. त्या वर्षी भाऊबीजेला आमच्या ह्यांचं ओवाळणं झालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. बहिणीला माहेर तोडायला लावलं, ते एका केबलपायी.

गेल्या वर्षी वसंतराव गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न केला. अक्षर बरं होतं.

परवा वन्सं शेड बघायला आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ऑफिसच्या खोलीत खुर्चीवर टेकल्या, मी टेबलफॅन लावून दिला. बाहेर सगळी यंत्रं चालू होती. त्यातच सुमनने पल्व्हरायझर लावला, कोणाला हाक न मारता. तो घुमायला लागला तशा वन्सं चटकन उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

"अहो वन्सं, उकडतंय ना, बंद का केलात?"

"अगं, बाहेर मोठं काहीतरी लागलं ना." मग स्वतःशीच हसल्या. "घरी मिक्सर लावायचा तर मी आधी फ्रीज बंद करते. इस्त्री लावली की पंखा. ह्यांनीच बसवलेलं सगळं. लग्न झाल्यापासून तसंच आहे." त्यांनी वर दिव्याकडे बघितलं. "हलला पण नाही गं."

मी पंखा परत लावला आणि त्यांच्याकडे वळवला. तरी त्यांचा हात बराच वेळ बटणापाशीच होता.

क्षणाचा प्रश्न म्हणे.